दोन कुंड्या आणि पाठीवरचा पंप

आमच्या ह्यांना झाडांचा नाद लागला तो कळमनुरीच्या एका लग्नात. स्टेजच्या दोन्ही अंगांना कुंडीतले पाम ठेवले होते. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, तरी हे त्या झाडांपाशीच उभे. मी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाले, "अशे दोन आपल्या दारात पायजेत."

मग आमच्या हिंगोलीच्या घरी दोन पाम आले आणि जावयासारखे राहू लागले. ऑफिसातून आल्यावर हे आधी त्यांना पाणी विचारायचे, मग माझ्याकडे चहा मागायचे.

पुढे पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी धरलं आणि पानं पिवळी पडायला लागली. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं. "कोंडा झालेला दिसते," म्हणाले. सासूबाईंनी कुंड्यांवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. शेवटी गावी, साखऱ्याला, थोरल्या दिरांना फोन लावला. त्यांची कपाशी असते. ते म्हणाले, "पिठ्या ढेकूण हाय तो. लिंबाचं तेल मार."

आमच्याकडे लिंब म्हणजे कडुलिंब. त्याचं तेल कसं मारायचं हे विचारायच्या आधी ह्यांनी फोन ठेवला होता. भर दुपारी उन्हात फडक्यावर नुसतं तेल घेऊन, बूट पॉलिश करावेत तशी त्यांनी डावीकडच्या पामची पानं पुसली. पानं अशी चमकली की सासूबाईसुद्धा पाहायला बाहेर आल्या. दोन दिवसांत पानं भाजलेल्या पापडासारखी झाली.

मी तेलाच्या बाटलीवरचं वाचून दाखवलं. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर तेल, पाण्यात मिसळावं म्हणून साबणाचे दोन-चार थेंब. ऊन उतरल्यावर फवारायचं, तेही आधी एकाच पानावर, आणि एक दिवस वाट पाहायची.

"बराबर हाय," हे म्हणाले, आणि शनिवारी मोटारसायकलवरून साखऱ्याला जाऊन दिरांचा पाठीवरचा फवारणी पंप घेऊन आले.

"दोन कुंड्यांना एवढा पंप?"

"घरचा पंप असताना काहून बाटलीनं मारायचं?"

संध्याकाळी त्यांनी पंप गळ्यापर्यंत भरला. तेल मोजून घातलं, पण भांड्याचा साबण घालताना हात सैल सुटला आणि झाकणातून फेस उतू आला. सुरक्षा पाहिजे म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल, हातात माझे रबरी मोजे आणि डोक्यावर हेल्मेट. मी आणि सासूबाईंनी मिळून पंप त्यांच्या पाठीवर चढवला. त्यांनी वाकून एका पानाला वरून-खालून फुस्स केलं आणि वळून विचारलं, "आता?"

"आता उद्या."

त्यांनी हेल्मेटची काच वर केली. "आन् हे पाठीवरचं?"

मी परत बाटली वाचली. कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं होतं.

"मंग गल्लीत मारून येतो," म्हणून ते निघाले.

"अहो, लोकांच्या झाडांवर तरी विचारून मारा. आन् तिथंही एकच पान."

माझं ऐकतात, हा त्यांचा गुण. ते घरोघरी विचारत गेले आणि प्रत्येक झाडाच्या एकाच पानाला औषध मारत गेले. जास्वंदीला एक, मोगऱ्याला एक, शेजारच्या काकूंच्या कढीपत्त्याला एक. काकूंनी विचारलं, "बाकीच्या पानायचं काय?"

"त्यायचं उद्या ठरते."

गल्ली संपली तरी पंप हलका होत नव्हता. टोकाला लिंबाचं मोठं झाड आहे. ह्यांनी पंप उतरवला आणि सगळं त्याच्या बुडाशी ओतलं. पारावरचे आजोबा पाहत होते.

"लिंबाला लिंबाचं तेल?"

"त्याचंच हाय, आजोबा. वापस करून राहिलो."

सकाळी आमचं पान ठणठणीत होतं. मग मी काच पुसायच्या स्प्रेची बाटली घासूनपुसून घेतली, त्यात लिटरभराच्या आतच औषध कालवलं, ओल्या कापसानं किडे पुसून काढले आणि संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारलं. हलवत राहिलं नाही तर तेल वर येतं, म्हणून ह्यांना बाटली हलवायचं काम दिलं. आठवड्यानं पुन्हा तेच केलं. उजवीकडचा पाम सुधारला. डावीकडच्याची भाजलेली पानं कापावी लागली, पण मधून एक हिरवा कोंब निघाला.

गल्लीतले लोक मात्र बरेच दिवस दारात येऊन आपापल्या पानाची तब्येत सांगत होते. काकू तर म्हणाल्या, "तुमचं पान म्या तोडून फेकलं. वरणात गेलं असतं चुकून." हे दुखावले. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "मंग कढीपत्त्याचा निकाल लागलाच न्हाई की."