पाटणकर काकांचं बिनसुईचं इन्सुलिन

"डोस वाढवू या," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं.

"सर, पाच मिनिटं द्या," मी म्हटलं. "काका इन्सुलिन कसं घेतात ते बघते."

पनवेलच्या एका क्लिनिकमध्ये मी डायबेटिस एज्युकेटर आहे. म्हणजे औषध डॉक्टर लिहून देतात, ते घरी नीट घेतलं जातंय का हे मी बघते. पाटणकर काका विचुंब्याचे, रिटायर्ड इंजिनिअर. सुईला फार घाबरायचे. म्हणून मुलाने त्यांना नीडल-फ्री इंजेक्टर आणून दिला. यात सुई नसते, जोरदार स्प्रिंग असते. बटण दाबलं की इन्सुलिनची केसासारखी बारीक धार कातडीतून आत जाते. काका खूश होते. साखर मात्र चढतच चालली होती.

"टेक्निक परफेक्ट आहे माझं," काका म्हणाले. "मॅन्युअल दोनदा वाचलंय."

"यांच्या बनियनला हल्ली दवाखान्याचा वास येतो," काकू म्हणाल्या.

"हिला सगळ्यालाच वास येतो."

मी मात्र सावध झाले. इन्सुलिनला तसाच वास असतो.

जेवणाआधीचा डोस व्हायचाच होता. काकांनी तो मोजून भरला, बनियन वर केला, इंजेक्टर पोटावर सरळ टेकवला. सगळं मॅन्युअलप्रमाणे. मग डोळे गच्च मिटून बटण दाबलं. फट्‌ असा आवाज झाला. पण त्याच्या आधीच काकांनी पोट आत ओढून घेतलं होतं, आणि धार उडून वर धरलेल्या बनियनची कड भिजली.

"झालं," काका म्हणाले. "काही जाणवतसुद्धा नाही."

"कसं जाणवेल?" काकू म्हणाल्या. "बनियनने घेतलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. वाढवलेला डोस एखाद्या दिवशी खरंच आत गेला असता, तर साखर एकदम उतरून काका कुठेतरी कोसळले असते. आता किती आत गेलं ते कळत नव्हतं, म्हणून लगेच दुसरा डोसही देता येईना. साखर तपासत त्यांना दुपारभर बसवून ठेवलं.

तेवढ्या वेळात इंजेक्टरमध्ये सलाईन भरून सराव घेतला. दाबून धरा, आवाजानंतरही थोडा वेळ हलू नका, असं मी सांगत होते. काका मान डोलवत होते. पोट दर वेळी आत जात होतं.

शेवटी काकू म्हणाल्या, "मांडीत चालेल का हो? ती कुठे पळणार?"

डॉक्टरांनी हसत परवानगी दिली.

पुढच्या भेटीत जुन्याच डोसवर साखर बरीच खाली आली होती. आता मी पेशंटना "इन्सुलिन घेता ना?" असं विचारत नाही. "घेऊन दाखवा," म्हणते.