वर काही ठेवायचं नाही

सुधीरचा फोन आला तेव्हा मी कोपरच्या आमच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. त्यांना आमचा छोटा कॉम्प्युटर आवडला होता, पण त्याचं वरचं छप्पर घरासारखं उतरतं कशाला, हे काही पटत नव्हतं. "मग प्रिंटर ठेवायचा कुठे?" असं ते विचारत होते आणि तेवढ्यात नवरा पलीकडून म्हणाला, "मंगल गेली गं." हृदय थकलंय असं डॉक्टर सांगत होते, तरी आम्ही तिला हॉस्पिटलमधून घरी आणायच्याच तयारीत होतो... मी फोन ठेवला आणि त्या गृहस्थांना म्हटलं, "प्रिंटर कुठेही ठेवा. ह्याच्या डोक्यावर ठेवायचा नाही." मग स्टुलावर बसले आणि रडले. बिचारे पाणी आणायला धावले.

मंगल माझी धाकटी नणंद. लग्न केलं नाही. "एक सुधीरदादा सांभाळतेय ते पुरे," म्हणायची. इंजिनीअर झाली, चांगली नोकरी सोडली आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात छोटे कॉम्प्युटर बनवायला लागली. पेटी ती आखायची, पत्रा समोर उभी राहून वाकवून घ्यायची, आतले भाग बाजारातून आणून जोडायची. विकायचं काम माझं, कारण तिचं तोंड! कुणी "काहीतरी कमी करा ना" म्हटलं की विचारायची, "काय कमी करू, पंखा?"

आंबिवलीच्या एका शिकवणीच्या क्लासमधून एकच मशीन सारखं परत यायचं. चालता चालता बंद पडतं म्हणे, आणि आमच्या गाळ्यात लावलं की सुरळीत. शेवटी मंगल मला घेऊन तिकडे गेली. क्लास चालवणाऱ्या मावशींनी मशीनवर भरतकामाचा रुमाल घातला होता, त्यावर पितळेचा गणपती, गणपतीपुढे जास्वंद. गरम हवा वर जायची जाळी अख्खी झाकलेली. मी तोंड उघडणार तोच मंगलने माझा हात दाबला. मावशी कौतुकाने म्हणाल्या, "एवढी महागाची वस्तू, उघडी-बोडकी कशी ठेवायची गं?" मंगलने चहा घेतला, रुमालाची तारीफ केली. बाहेर पडल्यावर मात्र भडकली... स्वतःवर. "वहिनी, चूक त्यांची नाही. आपल्याकडे सपाट जागा दिसली की कुणी रुमाल घालणार, कुणी किल्ल्या टाकणार. 'ठेवू नका' लिहून काय होतंय? ठेवताच येणार नाही असं करते."

पुढच्या मशीनला तिने कौलारू घरासारखं उतरतं छप्पर दिलं. वळचणीखाली हवा बाहेर जायला फटी, आत एक मोठा, संथ फिरणारा पंखा आणि पुढे नळाखाली धुता येईल अशी जाळी. आपली धूळ आणि आपला मे महिना, दोघांना पुरून उरलं ते. पत्रा वाकवायचा खर्च वाढला, तो तिने काचेचं दार आणि रंगीत दिवे काढून टाकून भरून काढला. ह्या नव्यातलं पहिलं मशीन मावशींना जुन्याच्या बदल्यात दिलं. गणपती शेजारच्या फळीवर गेला आणि तिथे तो छान दिसतो.

ठाण्याचे एक शेठ आमचा माल बघायला आले होते. "ताई, छप्पर सपाट करा, पंखा छोटा टाका, चार दिवे लावा. भाव उतरेल, माझ्या सगळ्या दुकानांत ठेवतो." मंगल म्हणाली, "शेठ, मे महिन्यात तुम्ही आत बसा, वरून मी रुमाल घालते. भाव संध्याकाळी ठरवू." शेठ हसले आणि निघून गेले.

तेराव्यानंतर माणसं गाळ्यावर भेटायला आली. सुधीरने तिचा हार घातलेला फोटो मायेने तिच्याच मशीनवर ठेवला. घसरला. मागे पेपरची घडी लावली, तर पुन्हा घसरला, हारासकट. शेठही आले होते. माणूस वाईट नाही, डोळे ओले होते त्यांचे, पण सुधीरला म्हणालेच, "आता तरी सपाट करा. ताई होत्या तोवर ठीक होतं." सुधीरने मान खाली घातली. बहिणीशिवाय हे सगळं रेटायचं कसं, ह्या धास्तीने तो 'हो' म्हणायच्या बेतात होता, मला दिसत होतं. आणि तेवढ्यात फोटो तिसऱ्यांदा घसरला. मला हसू फुटलं, भेटायला आलेल्या माणसांसमोर, खो खो! "शेठ, ती स्वतःचा फोटोसुद्धा ठेवू देत नाहीये, तुमचं काय घेऊन बसलात?" सुधीरही हसायला लागला, रडत रडत, आणि शेठना म्हणाला, "नाही जमायचं."

आता जो भेटतो तो सांगतो, जरा नमतं घ्या. का म्हणून घ्यायचं? माणूस गेलं की त्याचं बरोबर होतं ते चूक होतं की काय? दुकान चालेल न चालेल, चाललं तर ह्याच छपराने चालेल.

फोटो आता भिंतीवर आहे. त्याच्याखाली टेबलावर तिचं मशीन चालू असतं, आवाजसुद्धा येत नाही. दुपारी डोळे चोळायला मी चष्मा काढते आणि सवयीने हात त्या छपराकडे जातो. चष्मा घसरत येतो, सरळ माझ्या मांडीवर... रोज. मी उचलून डोळ्यांवर चढवते आणि म्हणते, "बरं बाई, नाही ठेवत."