सुचेताबाईंनी चव घेतली

लंडनच्या पिनर भागातल्या सुचेता बर्वे दर मे महिन्यात आठ जणांना घेऊन स्पेनमधल्या वलेन्सियाला जातात आणि त्यांना फक्त खायला घालतात. शहरात नुसतं झोपायचं. रोज सकाळी उठून आसपासच्या एखाद्या गावी जायचं, तिथे जे पिकतं-शिजतं ते पोटभर खायचं आणि संध्याकाळी परत. म्युझियम नाही, किल्ला नाही. चर्च दिसलंच तर बाहेरून. "दगड बघायला मुलांबरोबर जा," असं त्या तोंडावर सांगतात. तरी जानेवारीत त्यांच्या फ्रंट रूममध्ये मीटिंग होते तेव्हा आठ जागांसाठी वीस जण हजर असतात.

बाई तीस वर्षं एका शाळेच्या किचनमध्ये होत्या. तिथे त्यांना कुणी विचारलं नाही. रिटायर झाल्यावर हे सहलीचं काढलं आणि अख्ख्या पिनरमध्ये त्यांच्या जिभेला मान आला.

गोम अशी, की एकवीस साली कोविड झाला तेव्हा बाईंची चव गेली, ती आलीच नाही. वासही गेला. मीठ आणि साखर तोंडात सारखीच. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, दर सहलीला सोबत येणारी जिवलग मैत्रीण रचना हिलासुद्धा नाही. कळलं की सहल हातातून जाणार, आणि मग उरणार टीव्ही आणि जीपीच्या अपॉइंटमेंट्स. घरचा स्वयंपाक त्या मोजूनमापून करत. मंडळाच्या गणपतीत तर नैवेद्याची चव घ्यायचीच नसते, तिथे प्रश्नच आला नाही. सहलीत त्या लोकांच्या ताटांकडे बघत. ताट लख्ख झालं की जेवण फक्कड, हा त्यांचा ठोकताळा.

या वर्षी तिसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या एका गावी भाताचं जेवण होतं. भात करणारी अंपारो बाईंची जुनी ओळखीची. तांदूळ टाकण्याआधी रश्शाचा पहिला चमचा ती दरवर्षी बाईंना देते. बाईंनी तो तोंडात घातला, डोळे मिटले आणि "परफेक्ट!" म्हणाल्या. रश्शात अंपारोनेही मीठ घातलं होतं आणि तिच्या बहिणीनेही, आणि दोघींना एकमेकींचं माहीत नव्हतं.

पहिल्याच घासाला बीपीवाल्या जगदीशरावांनी पाण्याची बाटली शोधली. पण भात बाईंनी पास केलेला, शिवाय पानात टाकायचं नाही हे आईने लहानपणीच ठसवलेलं. आठही जण मान खाली घालून शेवटच्या शितापर्यंत जेवले. लख्ख ताटं बघून बाई हरखल्या. "जगदीशराव, घ्या हो अजून, संकोच कसला?" म्हणत त्यांनी प्रत्येकाला आग्रहाने एकेक डाव वाढला. बिचाऱ्यांनी तोही संपवला.

अंपारो सगळ्यात शेवटी जेवायला बसली. एक घास घेतला आणि तशीच उठून बाहेर आली. माफी मागता मागता तिला रडू फुटलं. "पण तुम्ही चाखला होता ना?" तिने बाईंना विचारलं. इतरांना स्पॅनिश येत नव्हतं, पण तिने बाईंकडे केलेलं बोट सगळ्यांना कळलं.

थाप मारता आली असती. चार वर्षं त्या दुसरं काय करत होत्या? पण समोर अंपारो रडत होती.

"तिला काही बोलू नका," बाई म्हणाल्या. "मला चवच लागत नाही. कोविडपासून. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जाऊ दे तुम्हाला."

"अहो, मग तो दुसरा डाव..." जगदीशराव पुटपुटले.

रचना मात्र भडकली. "चार वर्षं! अँड यू नेव्हर टोल्ड मी? रोज शेजारी बसून खातेय मी! मग येतेस तरी कशाला तू?"

"तुम्हाला जेवताना बघायला," सुचेताबाई म्हणाल्या. "तेवढंच माझं जेवण होतं गं."

टेबलावरच्या टोपलीतलं एक संत्रं उचलून रचना सोलत बसली. एक फोड तिने स्वतःच्या तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"आधी आंबट आहे," ती म्हणाली. "मग गोड. खूप गोड. जरा कडू लागतंय, मी नीट सोललं नाही."

मग दुसरी फोड तिने सुचेताबाईंच्या हातावर ठेवली.

"हं. आता तू खा."