मोज्यातली बिअर

सेल्बीकाकांचं स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं आणि ते खिडकीपाशी बसून पेपर वाचत होते.

मी पातेलं उचलून बाहेर बर्फात टाकलं. त्यातला खारवलेला कॉड मासा आणि बटाटे तळाला लागून काळे झाले होते.

“काय झालं रे?” काकांनी विचारलं.

“काका, जळलंय सगळं.”

“काय जळलंय?”

त्यांनी मान वर केली. छताखाली धूर लोंबत होता. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. डोळ्यांतून पाणी येतच होतं, पण त्याचं कारण त्यांना आता कळलं.

“दार लाव,” ते म्हणाले. मग म्हणाले, “नको. उघडंच ठेव.”

मला वाटलं, वय झालं, विसरले असतील. तसं नव्हतं. महिन्यापूर्वी, मार्चमध्ये, ते पोस्टासमोर बर्फावर घसरले होते. डोक्याची मागची बाजू आपटली. टेंगूळ आलं आणि गेलं. गावानं चेष्टा केली, “काका, कुठली बिअर प्यायला होतात? आम्हालाही सांगा.” काकाही हसले. त्याच आठवड्यात त्यांना कळलं, की कॉफीला वास येत नाहीये. मग साबणाला. मग कशालाच.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, की नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक धागे तुटलेत. कधी जुळतात, कधी जुळत नाहीत. औषध नाही. वर्षभर वाट बघायची.

“आणि वर्षानंतर?” मी विचारलं.

“मग वाट बघायची नाही.” काकांनी पेपरची घडी केली. “येड्या, कुणापाशी बोललास तर याद राख.”

मी मान हलवली. ते मला येड्या म्हणतात. माझं नाव कोलिन. मी साहित्याची पदवी घेऊन शहरातून परत आलो आणि गावच्या वाचनालयात बसतो. त्यांच्या मते ही दोन्ही लक्षणं एकाच रोगाची.

आमचं गाव गल आर्म. न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, खडकावर चिकटलेलं. सरकारनं कॉडची मासेमारी बंद केली तेव्हा मासळीच्या कारखान्याला कुलूप लागलं आणि काकांची नोकरी गेली. अर्धं गाव तेव्हा बाहेर पडलं. काका ट्रक चालवायला लागले. बोटीनं ट्रक पलीकडे न्यायचा, तिथून सगळा कॅनडा ओलांडून पॅसिफिकपर्यंत. रस्त्यात ते थेंब घ्यायचे नाहीत. पण एखाद्या गावात कुणी बिअरची छोटी ब्रुअरी काढली आहे असं कळलं, की वाकडी वाट करून तिथं जायचे आणि एक बाटली घ्यायचे. एकच.

बाटल्या फुटू नयेत म्हणून त्यांची बायको, मार्जरीकाकू, ट्रकमध्ये लोकरीचे मोजे ठेवायची. एका मोज्यात एक बाटली. घरी पोचेपर्यंत कुठल्या मोज्यात कुठली हे काका विसरलेले असायचे. मग ते टेबलावर मोजे मांडायचे, मोज्यातूनच पेल्यात ओतायचे, नाक लावायचे आणि सांगायचे: ही प्रेअरीच्या मैदानातली, गव्हाची. ही डोंगरातली, हॉप्सची कडू फुलं सढळ हातानं टाकणाऱ्या त्या दाढीवाल्याची. काकू मोजा काढून लेबल वाचायची. काका चुकायचे नाहीत. शेजारी बघायला यायला लागले. त्यातून ती रीत पडली.

टिब्स ईव्ह म्हणजे तेवीस डिसेंबर, नाताळच्या दोन दिवस आधी. आमच्याकडे सणाची पहिली बाटली त्या दिवशी उघडतात. त्या दिवशी काका वर्षातल्या पाच बिअर निवडतात. आता ते ट्रक चालवत नाहीत. गावातला जो कोणी पलीकडे जातो, लग्नाला, ऑपरेशनला, नातवाला बघायला, तो येताना काकांसाठी एक कॅन आणतो आणि मोज्यात घालून टेबलावर ठेवतो. काकू गेल्यापासून मोजे कुणाचेही चालतात. धुतलेले हवेत, एवढाच नियम.

मासळीच्या कारखान्याच्या जुन्या मिठाच्या गोदामात क्रिस्टानं ब्रुअरी काढली, तेव्हापासून हा कार्यक्रम तिथं होतो. क्रिस्टा गावातलीच. तिनं भिंतीवर फळा लावला. काका त्यावर खडूनं पाच नावं लिहितात. उन्हाळ्यात प्रवासी येतात, फळ्याचा फोटो काढतात आणि विचारतात, यात इथली कुठली? क्रिस्टा म्हणते, अजून नाही. दरवर्षी तिचीही एक मोज्यात असते. दरवर्षी काका तिला ओळखतात आणि सांगतात, “चांगली आहे पोरी. अजून व्हायचीय.”

आणि गस. मार्जरीकाकूचा भाऊ. तो दरवर्षी एका कॅनमध्ये काहीतरी कालवतो. गावाला ते माहीत असतं, फक्त काकांना कुठल्या मोज्यात ते माहीत नसतं. एकदा थंड चहा होता. गेल्या वर्षी काकांनी पेला नाकापाशी नेला, ओठाला न लावताच खाली ठेवला आणि म्हणाले, “गस, हे तुझ्या बायकोच्या बीटाच्या लोणच्याचं पाणी. तिला सांग, यंदा लवंग कमी पडलीय.” मग रिकामा मोजा गसच्या डोक्यावर फेकला. गाव वर्षभर त्या मोज्याची वाट बघतं.

“सांगून टाका सगळ्यांना,” मी ऑक्टोबरमध्ये म्हणालो.

“काय सांगू?”

“की वास येत नाही. त्यात लाज कसली?”

“लाज नाही रे. सांगितलं की सगळे सूप घेऊन येतील. दाराशी उभे राहतील, मान वाकडी करून.” त्यांनी तशी मान करून दाखवली. “आत्ता ते बिअर घेऊन येतात. मला सूप नको.”

मग त्यांनी माझ्यापुढे पेला सरकवला. क्रिस्टाची नवी बिअर होती.

“घे. नाक लाव. तू सांग, मी ऐकतो. चार वर्षं पुस्तकं वाचलीस ना?”

मी वास घेतला. “चांगला आहे.”

“चांगला म्हणजे कसला?”

“संत्र्यासारखा.”

“कसल्या संत्र्यासारखा? सोलताना येतो तसा, का साल स्टोव्हवर वाळत ठेवल्यावर?”

“सोलताना. बहुतेक.”

“बहुतेक! जा, पदवी परत देऊन ये. अजून?”

“स्प्रूसच्या झाडाचे कोवळे शेंडे. आणि... ओलं काहीतरी. जरा उदास.”

“बिअरचा विचारतोय. तुझा नाही.”

मी हसलो. तेही हसले. मग त्यांनी पेला स्वतःच्या नाकापाशी नेला आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच बसले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

रोज संध्याकाळी आम्ही हेच केलं. ओट्यावर त्यांनी चार बरण्या ठेवल्या होत्या. लवंग, लिंबू, डांबर आणि काकूच्या लोकरीचा गुंडा. सकाळी, रात्री ते एकेक उघडून हुंगायचे. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, की नाकाला आठवण करून देत राहा. नाकाला आठवत नव्हतं. डिसेंबर आला. मी म्हणालो, मी शेजारी बसतो, टेबलाखालून पायानं खूण करतो. ते एवढे चिडले, की दोन दिवस बोलले नाहीत.

टिब्स ईव्हला दुपारीच गोदाम भरलं. बाहेर वारा होता. आत मासळीचे वडे तळत होते. लांब टेबलावर मोजे उभे होते, जाड, पातळ, एक तर लहान मुलीचा गुलाबी. काका निळा स्वेटर घालून आले. दाढी घोटलेली. मी त्यांच्या मागं उभा राहिलो.

“काय दाजी, नाक धुऊन आलात ना?” गस ओरडला.

“तुझ्याजवळ बसायचं म्हणून बंद करून आलोय,” काका म्हणाले.

सगळे हसले. मी नाही.

पहिला मोजा करडा होता, लाल पट्ट्यांचा. काकांनी बिअर ओतली. रंग बघितला. फेस बघितला. नाक लावलं, घोट घेतला आणि म्हणाले, “क्यूबेक. काळी. नर्सबाई, बहीण बरी आहे का?”

गावच्या नर्सबाई हसल्या, टाळ्या झाल्या. बरोबर होतं. दुसरा, बरोबर. तिसरा, बरोबर. मग माझ्या लक्षात आलं. काका बिअर ओळखत नव्हते. माणसं ओळखत होते. कुणाचा मोजा, कुणाची सून कुठल्या गावची, यंदा कोण कुठल्या दवाखान्यात जाऊन आलं. बाकी जिभेवर होतं तेवढं, कडू, आंबट, गोड. एवढ्यावर ते एकेक मोजा पुढं जात होते, घसरड्या फरशीवर जपून पाय टाकावा तसे. मला वाटलं, निभावलं.

मग त्यांनी शेवटचा उरलेला, हिरवा मोजा उचलून बिअर ओतली.

वास सगळ्या गोदामात पसरला. कॉडच्या लिव्हरचं तेल. ते आमच्या गावात प्रत्येकाला लहानपणी नाक दाबून चमच्यानं पाजलेलं आहे. तळणाच्या वासातूनही ते वर आलं. लोक एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. हिरवा मोजा क्रिस्टाचा होता; तिनं तोंडावर हात धरला. गस छताकडे बघत शीळ घालत होता.

मी त्यांच्या खुर्चीखालून पाय पुढं केला. मग मागं घेतला. खूण करायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

काकांनी पेला उजेडात धरला. “फेस जरा आळशी आहे,” ते म्हणाले. मग नाक लावलं. नेहमीसारखंच, डोळे मिटून. गोदाम श्वास रोखून थांबलं, आता मोजा उडणार म्हणून.

ते प्यायले. अर्धा पेला, सावकाश.

“स्प्रूसचे कोवळे शेंडे,” ते म्हणाले. “मागं संत्रं. वाळलेली साल नाही, सोलताना येतो तो वास. आणि जिभेवर काय मऊ आहे!” त्यांनी डोळे उघडले. “क्रिस्टा, तुझी आहे ही. झाली पोरी. आता झाली. यंदाची पहिली.”

सगळे हसले. केवढ्यानं तरी हसले. काकांनी गसवर डाव उलटवला असं त्यांना वाटलं. काकाही हसले, जरा उशिरानं, सगळे कशाला हसतायत ते न कळून. ते हसणं मी बघितलं. मग गसनं बघितलं. मग एकेक करून सगळ्यांनी. गोदामात फक्त तळणाचा चर्र आवाज राहिला.

पहिल्या आलेल्या बिअरचा पेला सगळ्यांमध्ये फिरतो. प्रत्येकानं एक घोट घ्यायचा. ही रीत काकूची. काकांनी पेला नर्सबाईंच्या हातात दिला.

त्या प्यायल्या. ओठ पुसले. “छान,” म्हणाल्या आणि पेला पुढं दिला. पुढचा प्यायला. त्याच्या पुढची प्यायली. कुणी तोंड वाकडं केलं नाही. माझ्याकडे आला तेव्हा मीही घोट घेतला. घशात लहानपण अडकलं. क्रिस्टा प्यायली. तिचे डोळे भरून आले होते. काकांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. “अगं, रडायचं काय त्यात? मिळवलंस तू.”

शेवटी गस. त्यानं पेल्यात बघितलं आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं.

“कशी आहे?” काकांनी विचारलं.

“चांगली आहे, दाजी.”

काका खडू घेऊन फळ्यापाशी गेले होते. ते थांबले.

“चांगली?”

“हो. चांगली आहे.”

“तू माझ्या कुठल्याच बिअरला चांगली म्हणाला नाहीस कधी. घोड्याचं मूत म्हणतोस.”

गसनं रिकामा पेला टेबलावर ठेवला.

काकांनी टेबलाकडे बघितलं. सगळे मोजे आडवे पडले होते. एकही उभा नव्हता.

“यंदा तू काही घातलं नाहीस?”

“विसरलो, दाजी.”

गस विसरत नाही. हे काकांना माहीत होतं आणि काकांना माहीत आहे हे गसला. ते एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग काकांनी बाकीच्यांकडे बघितलं. एकेक चेहरा, सावकाश, मघाशी मोजे बघितले तसे. नर्सबाईंची मान एका बाजूला कलली होती.

“येड्या,” काका म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “कशाचा वास येतोय?”

मला वाटलं, वडे म्हणावं. धूर म्हणावं.

“कॉडच्या तेलाचा,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रिकामा पेला उचलून नाकाला लावला. खाली ठेवला.

“सगळे प्यायलात?”

नर्सबाईंनी पुन्हा ओठ पुसले.

“मूर्ख कुठले,” काका म्हणाले. ते खुर्चीत बसले. त्यांनी हिरवा मोजा हातात घेतला. मला वाटलं, आता तरी गसवर फेकतील. गसलाही वाटलं असावं. तो डोकं पुढं करून उभा होता. काकांनी मोजा मांडीवर ठेवला आणि त्याची घडी घातली.

“मार्चपासून,” ते म्हणाले. “बर्फावर पडलो तेव्हापासून. सूप कुणी आणायचं नाही.”

क्रिस्टा बिअरच्या नळापाशी गेली. तिनं धुतलेला पेला घेतला, तीच बिअर भरली, नुसती, काही न घातलेली, आणि काकांपुढं आणून ठेवली. फेस चांगला उभा होता. बाहेर अंधारायला लागलं होतं, तिनं दिवा लावला.

“काका, फळ्यावर नाव नका लिहू,” ती म्हणाली. “ते नाही चालणार मला.”

“का नाही? जीभ शाबूत आहे माझी. अर्धं मला कळतंय.” त्यांनी पेला उचलला आणि माझ्या हातात दिला. “अर्धं हा सांगेल.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकांनी खडू पुन्हा हातात घेतला.

मी नाक लावलं. घशात अजून तेल होतं. त्याच्या मागं कुठंतरी काहीतरी होतं, थंड, हिरवं, दूरचं. मी पुन्हा वास घेतला. पुन्हा घेतला.

“चांगला आहे, काका,” मी म्हणालो.

ते खडू धरून थांबले होते.

“चांगला म्हणजे कसला?”