मोटारीच्या मानेवरचं वजन

माझी बदली बीडच्या छावणीत झाली तेव्हा तिथं एकच मोटार होती, आणि तीही म्हातारी. हैद्राबादच्या कुण्या बड्या साहेबानं शिकारीला वापरून टाकून दिलेली. राज्य निजामाचं, मोटार निजामाची, आणि ड्रायव्हर मी, कड्याच्या शेतकऱ्याचा पोरगा. मोटारीची ऐट मोठी होती, पण मागं चार पोती टाकली की बूड टेकायचं.

आमच्या जमादार साहेबांनी एका सकाळी परेडनंतर हुकूम दिला. "हिला ओझ्याची करा. मागं ट्रेलर ओढला पाहिजे."

ट्रेलर म्हणजे दोन चाकांचा लाकडी गाडा, मोटारीला मागून जोडायचा. छावणीच्या मिस्त्रीनं आधी मोटारीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, उघडले. मोडक्या लॉरीचे जाड पाटे त्यात वाढवले, तेव्हा बूड वर आलं. ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते, त्यांचे गट्टू नवे घातले. हूक नुसता मागच्या पत्र्याला न लावता खाली सांगाड्याला आडवी लोखंडी पट्टी घालून तिच्यात बसवला. ट्रेलरला चाकं जुन्या तोफगाड्याची. त्याचा ब्रेक म्हणजे चाकावर घासणारा लाकडी ठोकळा आणि तो ओढायचा दोर. दोर ओढायला ट्रेलरवर एक माणूस लागायचा. ती ड्यूटी नाईक सखारामला मिळाली.

सखाराम तेलगावचा. अंगानं आडवा, तोंडानं फटकळ, आणि बैलांवर जीव. घरच्या बैलगाड्या होत्या त्यांच्या. मोटारीलाही तो जनावरच समजायचा. घाट चढून आली की बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "दमली गं म्हातारी." आम्ही हसायचो. त्याला काय फरक पडायचा!

पहिल्यांदा ट्रेलर भरला तेव्हा मी जड पेट्या पुढं ठेवत होतो. सखाराम खेकसला.

"मानंवर वजन कावून देतो बे? जुनं जनावर हाय."

बैलगाडीचा हिशेब तोच. धुरेवर, म्हणजे पुढच्या दांड्यावर भार फार झाला तर बैलाची मान सोलते. म्हणून ओझं जरा मागं सारायचं. आम्ही सगळे शेतकऱ्यांची पोरं, सगळ्यांना पटलं. मिस्त्रीलाही पटलं. जड पेट्या मागं गेल्या. मैदानात चकरा मारल्या, ट्रेलर गुमान मागं आला. जमादार साहेब खूश.

उन्हाळ्यात आमची कंपनी मांजरसुंब्याच्या घाटावर कॅम्पला होती. विहिरीचं पाणी बाधलं आणि पटकी लागली. चार जवान आडवे झाले. डोळे खोल गेले, आवाज बसला. कंपाउंडर म्हणाला, "संध्याकाळच्या आत बीडच्या दवाखान्यात न्या. न्हाई तर इथंच माती द्या."

पटकीचं नाव ऐकून गावातला एकही गाडीवान कॅम्पकडं फिरकेना. मग चौघांना मोटारीत फळ्यांवर निजवलं. तंबू आणि काडतुसांच्या पेट्याही खाली न्यायच्या होत्या, त्या ट्रेलरवर. पेट्या नेहमीसारख्या मागं. सखाराम त्यांच्यावर बसला, दोर हातात.

"निकालो," जमादार साहेब म्हणाले.

कपिलधारची वाट मागं पडली आणि उतार लागला. मी बारक्या गिअरमध्ये होतो. दुसऱ्या वळणानंतर स्टिअरिंग हातात हलायला लागलं. मागं पाहिलं तर ट्रेलर या कडेचा त्या कडेला झोले खात होता. दर झोल्याला मोटारीचं बूड उचलायचं आणि ब्रेक लागेनासे व्हायचे. डावीकडं दरी. फळ्यांवरचे चौघं एकमेकांवर घसरत होते. मी घाबरलो, लई घाबरलो.

"सख्या! उडी मार!" मी ओरडलो.

"गप चालव बे! गाडी उलाळ झाली!"

उलाळ म्हणजे मागं जड, पुढून उचललेली. सखारामनं दोर सोडला नाही. तो घेऊनच पेट्यांवरून, तंबूंवरून सरपटत पुढं आला आणि हुकाजवळच्या दांड्यावर पाय सोडून बसला. सगळं अंग त्यानं दांड्यावर दाबलं. बघता बघता झोला कमी झाला. मोटारीचं बूड खाली बसलं, ब्रेक धरले. मला आवाज आला, "आता चालली बघ म्हातारी!" एवढंच.

शेवटचं वळण झालं, उतार सरत आला. तिथं मोरीजवळ रस्ता खचलेला होता. मोटार दणकली. मागं काहीतरी चाकाखालून गेलं. मी गाडी थांबवली तेव्हा दांडा रिकामा होता. सखाराम रस्त्यावर पडला होता. तोफगाड्याचं चाक छातीवरून गेलं होतं. जीव गेलेला होता, पण दोर मुठीत तसाच होता.

त्याला तंबूच्या कापडात गुंडाळलं आणि पेट्या पुढं सारून बीड गाठलं. चौघांतले तिघं जगले.

त्याचा पट्टा आणि बूट घेऊन मी तेलगावला गेलो. त्याचे वडील गोठ्यात होते. मी सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं एकच विचारलं.

"धुरंवर बसला व्हता का?"

"व्हय, बाबा."

"ल्हानपणी गाडी उलाळ झाली की मीच बसवायचो त्याला तिथं," ते म्हणाले, आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. मला रडू आवरलं नाही.

त्यानंतर आमच्या छावणीत ट्रेलर कधी मागं जड भरला नाही. हुकावर एका धडधाकट माणसाइतका भार राहील असं ओझं पुढं घ्यायचं, हा नियम झाला. मी नोकरी सोडली तोवर नवी पोरं भरती झाली होती. त्यांनी सखारामला कधी पाहिलं नव्हतं. तरी ट्रेलर जोडून झाला की गाडी काढायच्या आधी त्यांच्यातला एक जण ओरडायचा, "सखाराम बसला का?" आणि दुसरा दांडा दाबून बघून सांगायचा, "बसला. चल."