शिवेवरचा भाकरतुकडा

लढाई संपल्यावर मी वर्षभर विलायतेत शिकून परतलो. कर्जत स्टेशनापासून खालापूरला ज्याच्या बैलगाडीतून आलो, त्या म्हाताऱ्याचं नावही मला ठाऊक नाही. भेटेल तो तिकडच्या बर्फाबद्दल विचारी. मी वैतागलो होतो. यानं मात्र बैलाच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "तिकडं ताप आला तर उशाशी कोन बसायचं तुज्या?"

"घरमालकीण. तिचा एकुलता मुलगा लढाईत गेला."

गावच्या शिवेवर त्यानं मला उतरवलं आणि दृष्ट काढायला शिदोरीतल्या भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला. मग आणखी एक तुकडा मोडून, मावळतीकडे तोंड करून हवेतच ओवाळला.

"हा कुणाचा?"

"त्या माउलीचा. तिच्यावरनं ओवाळाय आता कोन हाय रं?"