दिघे साहेबांच्या ट्रकमधली घट्ट माया

"काका, गाड़ी तो एकदम मक्खन चल रही है. लेकिन बाबांनी चलाना ही छोड़ दिया." फोनवर वैशाली होती. "म्हणतात, हात आणखी गेला. परसों डॉक्टर को दिखाना है."

सदर बाजारात माझं रिमोटच्या गाड्या दुरुस्त करायचं दुकान आहे. आधीचं आयुष्य रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून गेलं. वैशालीचे वडील दिघे साहेब म्हणजे रिटायर्ड गार्ड. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात जेमतेम चालतो. रोज सकाळी प्रेमनगरच्या घराच्या गच्चीवर ते कुंड्यांमधून रिमोटचा ट्रक चालवत नेतात, तेवढंच एक काम कुणाच्या मदतीशिवाय. हे सगळं मला त्या फोनवर कळलं. ट्रक हातात घेताना मी विचारलंच नव्हतं.

दहा-बारा दिवसांपूर्वी वैशाली तो घेऊन आली होती. मागून कटकट आवाज. "नया जैसा कर दीजिए. बाबांना सरप्राइज द्यायचंय."

आवाज डिफचा होता. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकांना आपापल्या वेगानं फिरू देणारा गिअरांचा छोटा डबा म्हणजे डिफरन्शियल. त्यात सिलिकॉन ऑइल असतं. ऑइल पातळ असलं की चाकं मोकळी आणि गाडी चपळ. घट्ट असलं की गाडी सरळ चालते, जड वळते.

मागच्या डिफचे प्लास्टिकचे दात झिजले होते. पुढचा बरा होता, पण हात घातलाच होता म्हणून तोही उघडला. दोन्हींत चिकणमातीसारखी घट्ट माया, म्हणजे ग्रीससारखा चिकट लगदा, ठासून भरलेली. कुठल्या गाढवानं भरली, असं पुटपुटत मी ती काडीनं उकरून काढली, डबे रॉकेलनं धुतले. स्टीलचे गिअर, नवे सील, कंपनी सांगते तसलं पातळ ऑइल. ट्रक हरणासारखा पळाला. मी स्वतःवरच खूश.

फोन ठेवला तेव्हा मला उमगलं. ती माया कुणी अजाणता भरलेली नव्हती.

शेडमध्ये इंजिन आलं की ड्रायव्हरनं वहीत काय लिहिलंय ते आधी वाचायचं, मग पान्याला हात लावायचा. मी ही शिस्त तीस वर्षं पाळली. खेळण्यातल्या ट्रकला मात्र ती लागू होते, असं मनातही आलं नाही.

स्कूटर काढून प्रेमनगर गाठलं. दिघे साहेब गच्चीच्या दाराशी खुर्चीवर बसले होते. रिमोट स्टुलावर उलटा ठेवलेला.

"या साठे. ट्रक छान केलात. आता माझ्याच्यानं होत नाही."

"साहेब, हात तोच आहे. ट्रक मी बदललाय. डिफमधली माया मी काढून टाकली."

त्यांनी स्टुलावरचा रिमोट उचलून मांडीवर घेतला. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"टाकलीत?"

"हो."

"दोन महिने लागले होते मला. डाव्या हातानं भरायचो. थोडी ग्रीस, थोडं घट्ट ऑइल. हात थरथरला तरी गाडी थरथरू नये एवढं." मग हळूच म्हणाले, "आठ दिवस मी समजत होतो, दुसरा झटका येऊन गेला."

जिन्यात उभी असलेली वैशाली ओढणीनं डोळे पुसत होती. "बाबा, मुझे क्या पता था..."

"तुला कसं कळणार, बेटा. मी सांगितलंच नव्हतं."

त्यांना प्रमाण आठवत नव्हतं, लिहूनही ठेवलेलं नव्हतं. मी गच्चीवर वर्तमानपत्र पसरून डिफ उघडले. स्टीलचे गिअर राहू दिले, ऑइल काढलं. मी भरायचं, त्यांनी चालवायचं. "अजून घट्ट." परत उघडायचं. "आता जास्त झालं, वळतच नाही." दुपारपर्यंत चार वेळा उघडलं. पाचव्यांदा त्यांनी डाव्या बोटानं ट्रिगर दाबला, उजव्या हातानं रिमोटवरचं चाक धरलं. ट्रक सरळ निघाला. पहिली कुंडी, दुसरी कुंडी. तिसरीवर धडकला.

मी पाना उचलला.

"ठेवा तो," दिघे साहेब म्हणाले. "ही धडक माझी आहे." त्यांनी ट्रक मागे घेतला आणि पुन्हा चालवायला लागले. डॉक्टरकडे जायचं त्यांनीच रद्द केलं.

ट्रकची जुनी चाल पूर्ण आली नाही. ते कधी बोलले नाहीत, पण मला दिसतं. हातानं बनवलेली गोष्ट धुऊन टाकली की ती तशीच्या तशी परत मिळत नाही. आता कुणी ट्रक टेबलावर ठेवला की मी आवाज कुठून येतो ते नंतर विचारतो. आधी विचारतो, चालवतं कोण?